रेघेबाहेरची माया

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझं साधन काढून टाकायचं ठरलंय आणि ते काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. झालं असं, की मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "नकाशावरचं हे घरं निवडायचं साधन मुळात लिहिलं कोणी?" आणि मी शाळेतल्यासारखा हात वर करून म्हटलं, "माझ्या मामाने." साहेब म्हणाले, "वा! मग घरचंच कार्य आहे, तुम्हीच उरका." घ्या! आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

तुला वाईट वाटणार, माहीत आहे. पण किती दिवस ओढायचं? तुझं साधन ज्या जोडणीवर चालतं तिला आता कुठलाच ब्राउझर दारात उभं करत नाही. ऑफिसात एक खटारा मशीन उरलंय, त्यावरचा ब्राउझर मुद्दाम जुनाच ठेवलाय आणि वर कागद चिकटवलाय, 'याला हात लावू नये'. ते मशीन एका सकाळी उघडलंच नाही, तर धरणाचं पाणी सोडताना खालच्या लोकांना कळवणार कसं? म्हणून ३१ मार्चला तुझं कायमचं बंद, १ एप्रिलपासून माझं नवं.

आईला फोनवर समजावत होते मी नक्की काय करते ते. म्हटलं, जितक्या भागात पाणी येणार तितक्या भागाभोवती नकाशावर माऊसने रेघ ओढायची. आतली घरं पिवळी होतात. मग बटण दाबलं की त्या पिवळ्या घरांतल्या भिंतीवरच्या पेट्या बोंबलतात आणि त्यांचा लाल दिवा लागतो, की बाबांनो, पाणी सोडलंय, वीस मिनिटांत वर चला. आई म्हणाली, "म्हणजे तू रेघ ओढणार आणि माझा भाऊ पळणार?" मग नेहमीचं सुरू. टेकडीवर एवढं छान घर मिळत होतं, ते सोडून हा नदीकाठच्या उतरत्या गल्लीत कशाला जाऊन बसला, कुणाचं ऐकेल तर ना. खरंच मामा, का गेलास?

तुझे जुने कागद, टिपणं, काही असेल ते पाठव. इथे फाइलमध्ये तुझ्या हातची एक ओळ नाही.

तुझी,
भिंगरी

ता. क. मोबाइल दुरुस्त करून घे की रे! पत्राला तीन-चार दिवस लागतात. पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो.


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बसलो. पाणी प्यायलो. वाचलं. जिवंत आहे.

साधनाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत माझे दात गेले, त्याचं काय घेऊन बसलीस? खुशाल काढ. मोबाइलची बॅटरी फुगून पाठ उघडली, तेव्हापासून तो ड्रॉवरमध्ये आडवा आहे. तसाही मला त्याचा उपयोग काय? डावा कान आधीच गेला होता, उजवाही आता निवृत्तीच्या बेतात आहे.

पण तू काळजी करू नकोस. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक, आणि घडणही एकच: पुढची खोली रस्त्याला, आणि मागची पाच पायऱ्या खाली, नदीच्या बाजूला. गल्ली त्यांना टिपबाई म्हणते. कारण त्यांना काहीही सांगा, जेवायला चला म्हणा नाहीतर आग लागली म्हणा, उत्तर एकच, "एवढी टीप मारते आणि येते." चाळीस वर्षं सुईत दोरा ओवून डोळे गेलेत. मशीन बोटांच्या अंदाजाने चालवतात आणि तरी शिवण सरळ येते. मला काही सांगायचं असलं की खुणेचा खडू घेऊन कापडाच्या तुकड्यावर हातभर अक्षरांत लिहितात. आमचा करार झालाय. भोंगा त्यांनी ऐकायचा, दिवा मी बघायचा. "दोघांचं मिळून एक धड माणूस होतं," असं त्या म्हणतात. तुझी पत्रं मी त्यांना ओरडून वाचून दाखवतो, म्हणजे सगळ्या गल्लीलाच.

टिपणं नाहीत. कधी लिहिली नाहीत. नदीकाठी का आलो ते भेटीत सांगेन, पत्रात सांगण्यासारखं नाही.

एकच सांगतो. जुनं उसवून नवं बेतायला घेतलंयस, तर हवं तसं काप, पण माया ठेव. बाकी तू हुशार आहेस.

मामा


२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

माया आहेच रे! तुझ्यावरही आणि तुझ्या त्या म्हाताऱ्या साधनावरही. काढताना हळूच काढेन, दोन अश्रू ढाळेन, मग तर झालं?

आता बातमी ऐक, आणि टिपबाईंनाही ऐकव. नवं साधन तयार झालं! कुठल्याही ब्राउझरवर चालतं, झटकन चालतं. काल जुनं आणि नवं शेजारी ठेवून दोन्हींत तुमच्याकडच्या भागाभोवती तीच रेघ ओढली. जुन्यात पिवळी झाली चारशे बारा घरं. नव्यात तीनशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे तुझं साधन बावीस वर्षं चौदा घरं उगाच जास्त धरत होतं! आता रागावू नकोस, पण थोडं ढिसाळ होतं ते. साहेब तर उड्या मारायचे बाकी होते. दर वेळी तक्रारी यायच्या ना, की आमच्या दारात पाण्याचा थेंब नाही आणि पेटी मेली उगाच बोंबलते. ते आता बंद.

तेव्हा मामा, हे माझ्याकडून लेखी घे: दिवा लागला नाही, तर पाणी येणार नाही. निश्चिंत बसायचं. टिपबाईंची टीप मध्येच सोडायला लावायची नाही.

आई विचारते, डॉक्टरकडे कान दाखवलास का. दाखवला नाहीस हे मी तिला आधीच सांगून टाकलंय.

तुझी,
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. टिपबाईंनी दोनदा वाचायला लावलं. तुझं ते 'लेखी घे' त्यांना इतकं आवडलं की मला त्यांच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून द्यावं लागलं, 'दिवा लागला नाही, तर पाणी येणार नाही. निश्चिंत बसा.' तो पुठ्ठा मागच्या खोलीत मशीनच्या वर भिंतीला डकवलाय. त्यांना तो दिसत नाही. आल्यागेल्याला मात्र दाखवतात, "यांच्या भाचीने दिलंय."

ती चौदा घरं कुठली, तेवढं कळव. सहज विचारतोय.

आणि मी माया ठेव म्हटलं त्याचा तू भलताच अर्थ घेतलास असं दिसतं. तुझ्या आईला विचार, ती सांगेल.

इथे ठीक आहे. नदी फार खाली गेली आहे, काठाचा चिखल उघडा पडून वास येतो. धरणावर काहीतरी काम चालू आहे.

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

घाईत लिहितेय, जेवणाची सुट्टी संपत आली.

घरांची यादी बाहेर देता येत नाही, तुला तर माहीत असायला हवं. नियम तूच केलेला! आणि चौदा घरांचं काय घेऊन बसलास? ती यादीत असायलाच नको होती, आता नाहीत. विषय संपला.

धरणाच्या तिसऱ्या दरवाजाची दुरुस्ती चालू आहे. कागदोपत्री सगळं वेळेवर आहे. म्हणजे तुझ्या भाषेत, काहीच वेळेवर नाही.

आईला विचारायचं राहिलंच बघ. पुढच्या वेळी विचारते.

इथे नाकी नऊ आलेत. साहेबांना १ एप्रिलला पाहुण्यांसमोर दाखवायचंय. मी नवी साडी घेतलीय, तयार ब्लाउजसकट. टिपबाईंना सांगू नकोस, रागावतील.

भिंगरी


७ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काल महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे पेट्यांची चाचणी. अकराच्या ठोक्याला मी माझ्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. दिवा लागला नाही. टिपबाईंना विचारलं, भोंगा? त्यांनी 'नाही' म्हणून मान हलवली. समोरच्या लाँड्रीत मात्र लाल दिवा लखलखत होता, लाँड्रीवाला कानात बोटं घालून उभा होता.

बल्ब बदलून घेतला. पेटी उघडून पाहिली, ठणठणीत आहे. इथल्या ऑफिसात गेलो. खिडकीवरचा कारकून कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "काका, पेटी चांगली आहे, तुमचं घर यादीत नाही." म्हटलं, बावीस वर्षं होतं. म्हणाला, "लेखी अर्ज द्या." दिलाय. त्याने तो एका ढिगावर ठेवला, आणि ढीग मी पाहिला आहे.

भिंगरे, आमच्या भागाची रेघ नक्की कुठून जाते? ती चौदा घरं कुठली? हे मी आता सहज विचारत नाही.

आणखी एक. रोज सकाळी धरणाकडे काहीतरी आदळतं. मला ऐकू येत नाही, पण फरशीवर अनवाणी उभा राहिलो की तळपायाला कळतं. टिपबाई म्हणतात, त्यांच्या डबीतल्या सुया थरथरतात. तिसऱ्या दरवाजाचं काम जे कोणी बघतं त्याला विचार.

मामा


१६ एप्रिल

मामा,

तुझं पत्र वाचून खरं सांगू, मला वाईट वाटलं. तुझं साधन गेलं ते तुला लागलंय, कळतं मला. पण म्हणून माझ्या कामात खुसपट काढायचं?

ऐक. भागाची रेघ तुझं घर आणि टिपबाईंचं घर, दोन्ही मधोमध कापत जाते. मागच्या खोल्या आत, पुढच्या बाहेर. तुझ्या साधनाला नुसती रेघ लागली तरी पुरायचं, घर पिवळं. नव्याला घर पूर्ण आत लागतं. आत म्हणजे आत. मीच तसं ठेवलं, साहेबांना विचारून, कारण अर्ध्याकच्च्या घरांच्याच तक्रारी सगळ्यात जास्त होत्या. त्यात तुझं घर बाहेर गेलं हा योगायोग. तुला खूश करायला मी नियम वाकवू का? तूच मला लहानपणी पट्टी धरून रेघ मारायला शिकवलंस ना?

दरवाजाचं काम दुसरा विभाग बघतो. त्यांना विचारलं की ते म्हणतात, काळजी नसावी.

मी दमलेय. जरा दिवस जाऊ देत, मग निवांत लिहीन.

भिंगरी


५ मे

चि. भिंगरीस,

या वेळी आशीर्वाद शेवटी.

काल पुन्हा चाचणी होती. मी घरात बसलो नाही. अकराच्या आधी बाहेर पडलो आणि बघत गेलो, कोणाच्या खिडकीत दिवा लागतो आणि कोणाच्या नाही. मग संध्याकाळपर्यंत आमच्या आणि खालच्या दोन गल्ल्यांत दारोदार फिरलो. सायकल दुरुस्तीवाला, बेकरीच्या वरचं बिऱ्हाड, नर्सबाई, जुळ्या मुलांचं घर. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझं आणि टिपबाईंचं धरून चौदा घरं भरली. चौदाच्या चौदा एका ओळीत आहेत, तुझ्या रेघेवर. यादी करून खिशात ठेवली आहे.

आता जे सांगतो ते बावीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो होतो, म्हणून तुला 'सहज विचारतोय' असं लिहिलं.

साधन पहिल्यांदा केलं तेव्हा मीही तुझ्यासारखंच केलं होतं. घर पूर्ण आत असेल तरच पिवळं. मलाही ते चोख वाटलं होतं, माझ्याही साहेबांनी पाठ थोपटली होती. पहिल्याच वर्षी पाणी सोडावं लागलं. रेघेवर एक घर होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपावरचा माणूस आणि त्याची बायको. आजूबाजूच्या पेट्या वाजल्या, त्यांची वाजली नाही. वाजली नाही म्हणूनच ती दोघं घरात थांबली आणि गेली, हे लक्षात घे. पेटी नसतीच, तर शेजाऱ्यांचं बघून पळाली असती. चौकशीत लिहिलं गेलं, 'सदर घर रेषेच्या आत नव्हते.' ते खरं होतं, म्हणून मला कोणी काही बोललं नाही. अर्धं घर आत, अर्धं बाहेर, आणि माणसं त्यातल्या कुठल्या अर्ध्यात बसली आहेत ते नकाशाला कुठे दिसतं?

दुसऱ्या दिवशी मी ते बदललं. रेघ लागली की घर आत. का बदललं ते मात्र कुठे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आधी काय होतं तेही लिहावं लागलं असतं. तू ज्याला ढिसाळपणा म्हणालीस तो मी मुद्दाम ठेवला होता, पोरी.

निवृत्त झाल्यावर रेघेवरचंच घर शोधून घेतलं. दुसऱ्यांना जिच्या भरवशावर ठेवलं तिच्यावर आपण राहावं, एवढाच हिशेब होता. आईला आता सांगितलंस तरी चालेल.

आणि माया. टिपबाईंना विचारलं, तर त्या हसून हसून खोकायला लागल्या. कपडा बेतताना मापाची रेघ मारतात, पण कापताना त्या रेघेवर कापत नाहीत. बोटभर कापड बाहेर सोडून कापतात. शिवण त्यात बसते, आणि पुढेमागे माणूस वाढला तर उसवून सैल करता येतं. त्या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. तुझ्या आईने शिवलेले फ्रॉक तू तीन तीन वर्षं घातलेस ते त्या मायेवर. मला वाटलं, हा शब्द तुला ठाऊकच असणार. तयार कपडे घालणाऱ्या पिढीला तो कुठून ठाऊक असेल, एवढी अक्कल मला यायला हवी होती. तू बरोबर रेघेवर कापलंस.

टिपबाईंना बाकीचं अजून सांगितलेलं नाही. पेटी बिघडली असेल, एवढंच म्हटलंय. त्यांचा त्या पुठ्ठ्यावर फार विश्वास आहे, तुझं उत्तर आलं की सांगेन.

हे हाती पडेल त्या क्षणी साधन बदल. माझ्यावर रागवायचं ते मग रागाव. तळपायाला जे कळतं ते आता दिवसातून दोनदा कळायला लागलंय.

अनेक, अनेक आशीर्वाद.

मामा


१३ मे

मामा,

कुठे आहेस?

तिथल्या ऑफिसात सतरा वेळा फोन केला. ते म्हणतात शाळेत आणलेल्या लोकांची यादी अजून पुरी नाही. आई काल निघाली. मला चौकशीसाठी इथेच थांबायला सांगितलंय, शहर सोडायचं नाही. हे पत्र पोस्टमनच्या नावाने टाकतेय. तो तुला ओळखतो, जिथे असशील तिथे देईल.

तुला खरं सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत होईपर्यंत तुला तरी सांगते.

तुझं पत्र शुक्रवारीच आलं होतं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि म्हटलं, आलं, पुन्हा दिवा. ड्रॉवरमध्ये टाकलं. उघडलंच नाही. शनिवार, रविवार ते तिथेच पडून होतं.

सोमवारी अकराला वीस मिनिटं कमी असताना धरणावरून फोन आला. तिसरा दरवाजा निसटला. साहेब धावत आले. मीच बसले मशीनवर. मामा, नदीच्या वळणावरून, घाटावरून, तुझ्या गल्लीतून स्वच्छ रेघ ओढली. तीनशे अठ्ठ्याण्णव घरं पिवळी झाली. तुझं घर मला दिसलं. पांढरं होतं. मी म्हटलं, बरं झालं, मामा बाहेर आहे. असं म्हटलं मी, मनात. आणि बटण दाबलं.

दुपारी सगळे बातम्यांसमोर उभे होते, तेव्हा ड्रॉवर उघडला.

एक शब्द बदलायचा होता. 'पूर्ण आत'च्या जागी 'स्पर्श'. तो बदलायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चारशे बारा घरं पिवळी झाली. मग मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि साहेब म्हणत होते, "अहो, तुमची काही चूक नाही, तांत्रिकदृष्ट्या ती घरं बाहेरच होती."

एक ओळ लिही. शिव्या लिही. टिपबाई कशा आहेत?

भिंगरी


१८ मे

चि. भिंगरीस,

जिवंत आहे. हे आधी.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून आमच्या गाद्या टाकल्या आहेत. फळ्यावर अजून कोणाचीतरी गणितं आहेत. तुझं पत्र पोस्टमनने गादीवर आणून दिलं. हे तुझ्या आईच्या हाती पाठवतोय. तिला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली.

टिपबाई गेल्या.

कसं झालं ते लिहितो, कारण तुला कळायला हवं, आणि मला कोणालातरी सांगायला हवं. सोमवारी सकाळी मी त्यांच्या पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. त्या खाली, मागच्या खोलीत, मशीनवर. शाळेच्या गणवेशांचं काम होतं. तळपायाला नेहमीचा एक धक्का बसला नाही, लागोपाठ बसायला लागले. मान वर केली तर लाँड्रीच्या खिडकीत लाल दिवा. आमच्या पेटीकडे पाहिलं. नाही.

पाच पायऱ्या उतरून गेलो आणि ओरडलो, "निघा!" त्यांनी खडू घेतला. निळ्या कापडावर लिहिलं, 'समोरचे भोंगे वाजतायत. आपला नाही.' मी म्हटलं, नसू दे, निघा. त्यांनी मशीनच्या वर बोट दाखवलं, त्या पुठ्ठ्याकडे. त्यांना तो दिसत नव्हता, पण कुठे आहे ते बोटाला पाठ होतं. मी म्हटलं, ते चुकीचं आहे. तेव्हा त्या हसल्या. लिहिलं, 'तुमची भाची चुकीचं लिहील?' मी त्यांचा दंड धरला. मग म्हणाल्या, ओठांवरून कळलं मला, "बरं बाई, एवढी टीप मारते आणि येते."

खिशात चौदा घरांची यादी होती. वीस मिनिटं होती. मला वाटलं त्या येतायत मागून. मी बाहेर पडलो आणि दारं बडवायला लागलो. बाराच्या बारा घरं निघाली, भिंगरे. त्यांच्याही पेट्या मुक्याच होत्या, पण मी कालपरवाच येऊन विचारून गेलो होतो, म्हणून ऐकलं त्यांनी. जुळ्यांतलं एक मूल नर्सबाईंनी उचललं, एक मी. टेकडीच्या पायऱ्यांवर पोचल्यावर वळून पाहिलं.

त्यांनी मागून हाक मारली असेल का, असं मला रोज वाटतं. भोंगा त्यांनी ऐकायचा, दिवा मी बघायचा, असा करार होता. हाकेचं काही ठरलं नव्हतं.

बाईंना पेटीचं खरं काय ते मी आधी सांगायला हवं होतं. तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो. तू पाकीट उघडलं नाहीस, मी तोंड उघडलं नाही. कोणाचं पारडं जड, ते तोलत बसू नकोस. मी तोललंय, काही हाती लागत नाही.

चौथ्या दिवशी आत जाऊ दिलं. पुढच्या खोलीत पाणी आलंच नव्हतं. माझा पेपर खुर्चीवर कोरडा होता. चौकशीत पुन्हा तेच लिहितील, निम्मं घर बाहेर होतं. खरंच होतं. मागच्या खोलीत भिंतीवर चिखलाची रेघ आहे, छातीच्या वर. पुठ्ठा त्या रेघेच्या चार बोटं वर राहिला. एक अक्षर पुसलेलं नाही. तो काढून सोबत पाठवतोय. अक्षर माझं आहे आणि वाक्य तुझं. टाकू नकोस.

आणि एक कर. नवं साधन जिथे लिहिलंयस तिथेच, उद्या जो कोणी ते बदलायला बसेल त्याला आधी दिसेल असं, हे सगळं लिहून ठेव. पंपावरच्या माणसाचं, त्याच्या बायकोचं, टिपबाईंचं. माझी लाज, तुझी लाज, दोन्ही लिही. रेघ लागली की घर आत, एवढंच लिहून भागत नाही. का, ते लिही. मी लिहिलं नव्हतं.

जेवत जा. आशीर्वाद.

मामा

ता. क. मशीनच्या सुईखाली कापड तसंच होतं. धुऊन पाहिलं. टीप पुरी झाली होती. बोटभर माया सोडलेली आहे.